वकीलसाहेबांना कोण सांगणार?

सोमवार, २ मार्च

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, क्लबच्या अकादमीत चौदा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. "ओरडता?" म्हटलं, गरजेपुरता. यावर शेजारी बसलेली माझी बायको इतकी हसली की डॉक्टर तिचाही रक्तदाब मोजायला निघाले.

निकाल असा लागला की मैदानावर ओरडायचं नाही. जे काही ओरडावंसं वाटेल ते घरी येऊन लिहून काढायचं. म्हणून हा उद्योग.

आजचं ओरडणं: परवाचा रेफरी आंधळा होता.

लिहून काही विशेष मोकळं वाटलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

संचालकांनी बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. दरवर्षी हंगामाच्या शेवटी काही मुलांना अकादमीतून काढतात. गेल्या वर्षापर्यंत मी बारा वर्षांखालच्यांना शिकवायचो, तिथे कुणाला काढत नाहीत, त्यामुळे हे दार मी कधी आतून पाहिलं नव्हतं.

माझ्या गटातून एकच नाव आहे. वकीलसाहेब.

हे नाव मीच ठेवलंय. मधल्या फळीत खेळतो, पास सुंदर देतो, डोकं तल्लख. पण खेळापेक्षा नियमांवर जास्त बोलतो. ऑफसाइड कशाला म्हणायचं यावर एकदा त्याने मला ऐन सरावात गप्प केलं होतं, आणि बरोबर तोच निघाला, म्हणून राग जास्त आला. संचालक म्हणाले, "वेग नाही त्याला. आणि भूक नाही." वेगाचं मला माहीत होतं. भुकेचं ऐकून वाईट वाटलं, कारण ते खरं होतं.

आमच्या क्लबचा एक नियम आहे, आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. काढल्याचं मुलाला फोनवर सांगायचं नाही, चिठ्ठी पाठवायची नाही. प्रशिक्षकाने स्वतः घरी जायचं आणि आईवडिलांसमोर तोंडाने सांगायचं, तेही एप्रिल संपायच्या आत, म्हणजे पोराला दुसरा क्लब शोधता येतो. आजवर पाहुण्यारावळ्यांत मी या नियमाचं तोंडभरून कौतुक करत आलोय. माणुसकी म्हणतात ती हीच, वगैरे.

शनिवार, ७ मार्च

आम्ही एक-शून्यने पुढे. गोल वकीलसाहेबांचा. सगळी पोरं त्याच्या अंगावर चढलेली, आणि हा त्या ढिगाऱ्यातून बाहेर पडून सरळ रेफरीकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या हाताला लागला होता." गोल रद्द. सामना बरोबरीत. मी ओरडलो नाही, टोपीचा कोपरा चावला.

त्याचे वडील कुंपणाजवळ उभे असतात. शहर बसचे ड्रायव्हर आहेत. आवाज असा की रेफरीला दिलेल्या शिव्या पलीकडच्या मैदानावरचा रेफरीही ऐकतो. आज मात्र ते फक्त "अरे बाबा! अरे बाबा!" एवढंच म्हणत राहिले. नंतर गाड्या लावतात तिथे येऊन त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, पोरगं तुमच्या हातात दिलंय. तुम्ही म्हणाल ते."

मी म्हटलं, "बघू या."

या आठवड्यात सांगून टाकतो. उगाच लांबण नको.

मंगळवार, १० मार्च

सरावात फ्री किकच्या वेळी वकीलसाहेबांनी खेळ थांबवला. भिंत करून उभी असलेली पोरं पुरेशी लांब नाहीत म्हणे. मग स्वतः लांब ढांगा टाकत अंतर मोजलं आणि सगळ्यांना मागे सरकवलं. विशेष म्हणजे सगळे सरकले. माझं इतकं ऐकत नाहीत.

सराव संपल्यावर सगळे पळाले, हा प्लॅस्टिकचे कोन गोळा करायला मागे थांबला. एकावर एक रचत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, तुम्हाला मला काही सांगायचं होतं का?"

"हो," म्हटलं, "तुझा डावा पाय फार सुधारलाय."

पोराचा चेहरा असा पडला की काय सांगू. "बरं, सर," म्हणाला आणि गेला. किती विनम्र असावं एखाद्याने! स्तुती सहन होत नाही. डावा पाय, खरं तर, होता तिथेच आहे.

रविवार, १५ मार्च

आज गेलो त्यांच्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बायको म्हणाली होती, बसायच्या आधी सांग, एकदा बसलास की गेलास. ती दातांची डॉक्टर आहे. "दाढ काढायची असली की मी सांगते, दाढ काढायची आहे. हवापाण्याच्या गप्पा मारत नाही." तिचं ठीक आहे. तिचं गिऱ्हाईक तोंड उघडून बसलेलं असतं, त्याला उलट बोलता येत नाही.

दार वडिलांनी उघडलं. घामाघूम. "अरे वा, सर! देवासारखे आलात. जरा त्या बाजूने धरता का?" आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत एक कपाट न्यायचं होतं आणि ते दारात तिरकं अडकलं होतं. कपाटाच्या पलीकडून वकीलसाहेब सूचना देत होते. सूचना बरोबर होत्या. अर्ध्या तासाने कपाट जागेवर, मी सोफ्यावर, हातात चहा. समोरच्या भिंतीवर पोराचे फोटो, अकादमीत आल्यापासूनचे, दर हंगामाचा एक. शेवटी एक खिळा रिकामा ठोकून ठेवलेला. "पुढच्या वर्षीचा," वडील म्हणाले.

त्या खिळ्याखाली बसून काय सांगणार, कपाळ?

त्याची आई चष्म्याच्या दुकानात काम करते, बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघते, त्यामुळे माझी पंचाईत होत होती. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "सर, त्याचं जमण्यासारखं नसेल तर स्पष्ट सांगा हं. आम्ही समजून घेऊ. तो तर नक्कीच समजून घेईल."

केवढं मोठं मन या बाईचं! अशा माऊलीचं काळीज मोडायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "छे छे, तसं काही नाही."

ती बराच वेळ जिन्यात उभी होती.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंस?"

"कपाट हलवलं."

शनिवार, २१ मार्च

बाहेरगावी सामना. तीन-एकने हरलो. रेफरीबद्दल लिहायला बसलो तर शाई पुरणार नाही.

मध्यंतराला सगळी पोरं माझ्याभोवती, वकीलसाहेब कुठाय? तर मैदानाच्या मधोमध, रेफरीबरोबर. हातवारे करून काहीतरी विचारतोय आणि तो बाबाही हसत हसत समजावून सांगतोय. आपल्या बाजूने एकटा लढत होता पोरगा. आणि म्हणे भूक नाही!

परतीच्या प्रवासात त्याची बॅग बाकावरून कलंडली आणि मोज्यांबरोबर एक शिट्टी बाहेर आली. त्याने झटकन उचलून आत कोंबली. मला गलबलून आलं. सराव संपायला उशीर होतो, पोरगं अंधारात एकटं घरी जातं, भीती वाटत असेल बिचाऱ्याला. त्याची मान खाली जाऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

उतरताना म्हणाला की यापुढे रविवारी सकाळी व्यायामाला येता येणार नाही, क्लास आहे. गणितात कच्चा असणार. म्हटलं, "जा, जा. शिक्षण आधी."

बुधवार, २५ मार्च

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं. सरावानंतर वकीलसाहेब माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतःविरुद्ध खटला उभा केला.

"सर, मला वेग नाही."

"वेग मेहनतीने येतो."

"मी डोक्याने हेडर मारताना डोळे मिटतो."

"पुष्कळजण मिटतात." कोण मिटतं, मला आठवेना.

"मला हरल्यावर वाईट वाटत नाही, सर. म्हणजे वाटतं, पण गोल ऑफसाइड असेल आणि आम्हाला मिळाला, तर जिंकल्यावर जास्त वाईट वाटतं."

"याला चारित्र्य म्हणतात!" मी टेबलावर हात आपटला. कप उडाला.

तो एकेक मुद्दा काढत गेला आणि मी एकेक खोडत गेलो. मला स्वतःचं नवल वाटत होतं. उंची कमी म्हणाला, मी म्हटलं वाढेल. ताकद कमी म्हणाला, मी म्हटलं भरेल. शेवटी तो थकला. "म्हणजे तुम्हाला खरंच वाटतं की मी राहावं?"

"वाटतं म्हणजे? खात्री आहे!"

तो गेल्यावर ध्यानात आलं की मला खरोखरच तसं वाटू लागलंय. वकिलाला वादात हरवलं म्हणजे आपली बाजू भक्कम असणारच. मग अशा पोराला काढायचं कशाला?

शुक्रवार, ३ एप्रिल

तरीही नियम तो नियम. म्हटलं, आधी एकट्या वडिलांच्या कानावर घालावं. त्यांच्या बसमध्ये चढलो, पहिल्या आसनावर बसलो. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर होतीच, ती पाळली. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, त्यांनी इंजिन बंद केलं, डबा उघडला आणि अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं.

"बोला, सर."

मी म्हटलं, "तुम्हाला शनिवारी सुट्टी कशी मिळते हो?"

कुठून सुचलं देव जाणे. मग त्यांनी सांगितलं. शनिवार मोकळा मिळावा म्हणून इतरांच्या पहाटेच्या पाळ्या ते स्वतःवर घेतात, पाच वर्षं झाली. डेपोतले सगळे हसतात त्यांना. "मी कधी कशात नव्हतो, सर. शाळेत नाही, खेळात नाही. गाडी चालवायची, घरी यायचं. शनिवारी त्या कुंपणाला टेकलो की वाटतं, आपण पण कुणीतरी आहोत. या पोराचा बाप."

मी सँडविच संपवलं. त्याच बसने परत आलो. उतरताना ते मोठ्याने म्हणाले, "आमचे सर आहेत!" अख्खी बस माझ्याकडे बघत होती.

बायको: "सांगितलंस?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो होतो."

तिने फक्त दोन बोटांनी कपाळ चोळलं, अक्कलदाढ बघितल्यावर चोळते तसं.

मंगळवार, ७ एप्रिल

जिंकलो!

आमच्याकडे मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकाशी किती वाढ शिल्लक आहे ते त्यात दिसतं. वकीलसाहेबांचा मी स्वतः हट्टाने काढून घेतला आणि तो नाचवत संचालकांच्या खोलीत शिरलो. म्हटलं, ही बघा वाढ, हा पोरगा अजून अर्धासुद्धा उगवलेला नाही, आणि तुम्ही त्याला उपटून टाकताय! आठवणार नाही इतकं बोललो. रक्तदाब नक्कीच वाढला असणार, पण तो चांगल्या कामासाठी.

संचालक शांत माणूस आहे. एक्स-रे उजेडात धरून बघितला. "हाडं वाढतील हो. पण पोराला हवंय का?"

"त्याच्याशी तासभर बोललोय मी!" हे खोटं नव्हतं.

"ठीक आहे. एक वर्ष. पण ते तुमच्या मानेवर. फसलं, तर तुम्ही नऊ वर्षांखालच्यांकडे जायचं."

नऊ वर्षांखालचे म्हणजे बुटांच्या नाड्या बांधणे. मी हसत हसत हो म्हटलं. इतकी खात्री मला लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हती.

गुरुवार, ९ एप्रिल

केक घेऊन गेलो. तिन्ही मजले एका दमात चढलो, दारातच जाहीर केलं. "राहिला! एक वर्ष वाढवून मिळालं!"

वडिलांनी पोराला उचलून घेतलं. चौदाव्या वर्षातला घोडा, पण उचलला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं, मग तो रडायला लागला. हुंदके देऊन. माझेही डोळे भरून आले. आयुष्यात एवढं एकतरी पुण्य केलं म्हणायचं. त्याची आई तेवढी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी फोडलंय. आनंद प्रत्येकाचा वेगळा दिसतो.

बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने विचारलं, "रडल्यावर केक खाल्ला त्याने?"

"नाही. खेळाडूंना साखर चालत नाही."

"आनंदाने रडणारा माणूस केक खातो," ती म्हणाली आणि दिवाणखान्यात निघून गेली. काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

सोमवार, १३ एप्रिल

आज लिहायला हात धजत नाही, पण डॉक्टरांचा हुकूम.

संध्याकाळी बेल वाजली. दारात वकीलसाहेब, धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. खाली फाटकापाशी त्याची आई उभी दिसली. आत ये म्हटलं तर आला नाही. पायपुसण्यावर उभा राहूनच म्हणाला, "सर, मला अकादमीत राहायचं नाहीये."

मला वाटलं, दुसऱ्या क्लबने पळवला. "कोण? कुणी बोलावलं तुला?"

"कुणी नाही. मला रेफरी व्हायचंय."

मी खाली बसलो. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसलो, ती होती हे नशीब. "रेफरी?"

"रविवारी क्लासला जातो ना, तो रेफरींचाच आहे. चौदा पूर्ण झाली की परीक्षा देता येते. मला ते आवडतं, सर. खेळताना मला सारखं वाटतं, मी चुकीच्या जागी उभा आहे."

तीस वर्षं मी रेफरींशी भांडतोय. दोनदा मला मैदानाबाहेर काढलंय. आणि माझ्या हाताखाली वाढलेलं पोरगं तिकडे जाऊन मिळालं! चिडलो. ओरडलो, होय, ओरडलो. "अरे, मग आधी सांगायला तोंड नव्हतं तुला? मी माझी जागा पणाला लावली तुझ्यासाठी! मानेवर घेतलंय मी!"

तो रडला नाही. म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मला काढणार आहात. सगळी मुलं म्हणत होती. मी वाट बघत होतो. तुम्ही काढलं असतं तर बाबांना माझ्याबद्दल वाईट वाटलं असतं, पण माझा राग आला नसता. मी स्वतः सोडलं तर... ते पहाटेच्या पाळ्या करतात, सर."

मग तो जे बोलला ते आरोपासारखं अजिबात बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. "मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा."

विचारलं होतं. कोन रचताना, आणि माझ्या खोलीत त्या खटल्यात. मी त्याला डावा पाय सांगितला.

"बाबांना सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्ही याल का?"

मी काही बोलायच्या आत मागून बायकोचा आवाज आला. "येतील."

मंगळवार, १४ एप्रिल

गेलो. बसलो नाही.

पोराने सांगितलं. एका दमात, पाठ केल्यासारखं, आईचा हात घट्ट धरून. वडील "रेफरी?" म्हणाले, तंतोतंत माझ्याच सुरात. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "मग शनिवारी मी कुठे जाऊ?"

पोरगा माझ्याकडे बघत होता. आता पळ काढला तर आरशात बघायची सोय राहणार नाही, हे मला कळलं. म्हटलं, "चूक त्याची नाही. त्याला क्लब तसाही ठेवणार नव्हता. पोरगा हुशार आहे, पण त्याला वेग नाही. मला हे मार्चच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. मला धीर झाला नाही. म्हणून भांडून एक वर्ष वाढवून आणलं."

ते माझ्याकडे वळले. "कपाट हलवलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि बसमध्ये?"

"हो."

"अर्धं सँडविच खाल्लंत की हो."

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "सर, तुम्ही जरा जा आता," म्हणाले.

जिना उतरताना वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं.

गुरुवार, १६ एप्रिल

संचालकांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच. ते म्हणाले, "हाडांतलं तुम्हाला दिसलं, तोंडावरचं दिसलं नाही." हे त्यांनी आधीच तयार करून ठेवलेलं असणार. पुढच्या हंगामापासून मी नऊ वर्षांखालच्यांकडे.

आजचं ओरडणं: काही नाही.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

बरेच महिने लिहिलं नाही. रक्तदाब उतरलाय. नऊ वर्षांखालच्यांवर ओरडून उपयोगच नसतो, ते ऐकत नाहीत. आज एका सरावात दोन नाड्या, एक दुधाचा दात आणि एक "सर, मला घरी जायचंय". तो दात रुमालात बांधून घरी आणला. बायकोने बघून प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं. आमचा गोलरक्षक गोलखांबाशी गप्पा मारतो. मजा येते, हे कुणाला सांगणार नाही.

वकीलसाहेब परीक्षा पास झाल्याचं कानावर आलं. त्याच्या वडिलांशी त्या दिवसानंतर बोलणं नाही. मागच्या महिन्यात बसथांब्यावर मी उभा होतो, त्यांनी बस थांबवली, दार उघडलं, मला पाहिलं. मी चढलो, तिकीट काढलं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले.

शनिवार, १२ सप्टेंबर

आज आमचा सामना होता. मैदानात रेफरी आला तो काळ्या पोशाखात, चड्डी गुडघ्याखाली, मनगटावर हे एवढं घड्याळ. वकीलसाहेब. नव्या रेफरींना आधी नऊ वर्षांखालचेच सामने देतात, हे मला सुचायला हवं होतं. त्याने माझ्याशी रीतसर हात मिळवला. "नमस्कार, सर." घाम फुटला होता पोराला, हात ओला होता.

कुंपणाजवळ पाहिलं. बसच्या गणवेशातच उभे होते, पाळीवरून थेट आलेले. दूर, सगळ्यांपासून बाजूला, हाताची घडी घालून.

खेळ छान चालवला त्याने. एका पोराला चेंडू हातात घेऊन पळताना थांबवलं आणि खाली वाकून त्याला का ते समजावून सांगितलं. मग शेवटच्या मिनिटांत, दोन-दोन असताना, आमच्या विरुद्ध पेनल्टी दिली. आमच्या बाजूचे आईबाप खवळले. रेषा ओलांडून चारपाच जण आत घुसले. एक गृहस्थ ओरडला, "आंधळा आहेस का रे?"

वकीलसाहेबांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजत नव्हती. मी पुढे पाऊल टाकलं, तेवढ्यात कुंपणाकडून तो आवाज आला. पलीकडच्या मैदानावरचा सामनाही थांबला असेल.

"मागे सरका! मागे सरका! पिवळ्या रेषेच्या मागे! रस्ता अडवू नका!"

मैदानावरची रेषा पांढरी होती, पिवळी त्यांच्या बसमध्ये असते. पण सगळे सरकले. माणसाच्या पायांना तो आवाज लहानपणापासून ओळखीचा असतो. वडील हात पसरून त्या आईबापांना मागे लोटत होते, एकेकाला, अगदी अदबीने. "आणखी थोडं मागे, ताई. जागा आहे मागे." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मीही एक पाऊल आत होतो. "तुम्ही पण, सर," ते म्हणाले. एप्रिलनंतरचे पहिले शब्द.

पेनल्टी आत गेली. हरलो.

ती पेनल्टी नव्हती. मी जवळ होतो, मला स्वच्छ दिसलं होतं. सामना संपला, पोरं हात मिळवून पाण्याच्या बाटल्यांकडे धावली. वडील लांबून पोराकडे बघत होते, छाती अशी फुगलेली की गणवेशाची बटणं ताणली होती. आजचा दिवस जाऊ द्यावा, पहिलाच सामना आहे, पोरगा खूश आहे, असं मनात आलं. किती ओळखीचा विचार होता तो! सरळ मैदान ओलांडून त्याच्यापाशी गेलो.

"ती पेनल्टी नव्हती," म्हटलं. "आमच्या पोराचा पाय आधी चेंडूला लागला होता. तू मागे राहिलास, म्हणून दिसलं नाही. दोन पावलं पुढे हवा होतास."

त्याने मान खाली घातली. मनातल्या मनात तो सगळा प्रसंग पुन्हा बघत होता, चेंडू, पाय, स्वतःची जागा. मग हळूहळू मान हलवली. "बरोबर आहे, सर." वर पाहिलं आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसला. "पण हे मात्र लगेच सांगितलंत."

त्याने घड्याळ बघितलं, पुढच्या सामन्याची पोरं मैदानात यायला लागली होती.

"आता रेषेच्या मागे जा, सर," तो म्हणाला.

गेलो. त्याच्या वडिलांनी सरकून मला जागा करून दिली.